खार, कस्तूर आणि मुमताजबाई

मुमताजबाईंच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती. खार आणि कस्तूर पक्षी. खार म्हणजे रोज दिसणारी, रोज कामात असलेली, जिच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही ती. कस्तूर म्हणजे वर्षातून पंधरा दिवस उगवणारा, गोड शीळ घालणारा आणि सगळ्यांना माना वर करायला लावणारा. दूधवाला खार. त्यांच्या जावयाचा भाऊ दोन वर्षांतून एकदा दुबईहून येऊन सगळ्यांना मिठ्या मारतो, तो कस्तूर. आमच्या सोसायटीचा प्लंबर बरीच वर्षं कस्तूर होता, कारण तो फोनवर फार गोड बोलायचा. एका रविवारी तो खरोखरच आला आणि त्याने टाकीचा नळ बसवला, तेव्हा त्याची खारीत बढती झाली.

मी एकदा विचारलं, मग मी यातली कोण? माझ्या हातात चहाचा कप देत म्हणाल्या, "तुम्ही घूस."

मी कप खाली ठेवला.

"रागावू नका, शेवंताबाई. जमीन तुमचीच होती. तुम्हाला झाडावर चढायची कधी गरजच पडली नाही."

हे खरं आहे. कर्वेनगरात आज आमची सोसायटी आहे तिथे आमची वांगी होती. वांगी गेली, फ्लॅट आले. राहिलं ते फक्त एक जांभळीचं झाड, तेही बिल्डरच्या वाटेत आलं नाही म्हणून. पुढचं सगळं त्या झाडावरून झालं, म्हणून सांगितलं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

मुमताज तांबोळी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, एकट्या. जन्म बुधवार पेठेतला, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. तीस वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी परगावचे फोन जोडून दिले. मराठी इतकं स्वच्छ की फोनवर पहिल्यांदा बोलणारा माणूस हमखास विचारी, आपण सदाशिव पेठेतल्या का? त्या म्हणत, नाही, पण तिथल्या बऱ्याच लोकांचं बोलणं मी दुरुस्त केलेलं आहे.

ज्यांनी ट्रंक कॉल पाहिलेला नाही त्यांना सांगते. पूर्वी सोलापूरला बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि घरी वाट बघत बसायचं. साधा कॉल म्हणजे ऑर्डिनरी, त्याला चार तासही लागत. घाईचा असेल तर अर्जंट. आणि घरात कोणी शेवटच्या घटकेला असेल किंवा नवरदेव पळाला असेल तर लायटनिंग, तो ताबडतोब लागे. एकदा लागला की बोलायला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की मध्येच बाईचा आवाज येई, वेळ संपली, वाढवून हवी आहे का? तो आवाज मुमताजबाईंचा.

नोकरी सुटली, पण ही सवय सुटली नाही. कोणीही बोलायला आलं की तीन मिनिटांनी त्या म्हणत, वेळ संपली. घड्याळाकडे न बघता. मी एकदा मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, दोन सेकंदांचासुद्धा फरक नाही. पुष्कळ लोक दुखावत. एका सुनेने सासूची तक्रार करायला सुरुवात केली, ती नेमकी रंगात आली आणि तिची वेळ संपली. सोसायटीचे अध्यक्ष करमरकर यांची बायको गेली तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो. करमरकर सांगत होते, ती सकाळी कशी बोलली, चहा कसा अर्धा राहिला. तीन मिनिटं झाली. मी मनात म्हटलं, आज तरी गप्प बस बाई. पण नाही. "वेळ संपली," त्या म्हणाल्या. "वाढवून हवी आहे का?"

करमरकर म्हणाले, हवी आहे.

मग त्या दिवेलागणीपर्यंत तिथे बसल्या, दर तीन मिनिटांनी विचारत. मी तासाभराने उठले, मला स्वयंपाक होता.

आता खारीकडे येते. एका मे महिन्यात वारं सुटलं आणि जांभळीवरचं खारीचं घरटं खाली पडलं, ते जोशींच्या स्कूटरच्या सीटवर. जोशी म्हणजे आमचे सेक्रेटरी. विमा कार्यालयातून निवृत्त, उंच, सडपातळ, आणि गळ्यात कायम कॅमेरा. पक्ष्यांचा नाद. घरट्यात तीन पिल्लं होती, बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. जोशींनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि म्हणाले की याला हात लावू नये, हा निसर्ग आहे.

"स्कूटर निसर्गात येते का हो, जोशी?" मुमताजबाईंनी विचारलं, आणि घरटं पदरात घेऊन वर गेल्या.

त्यांनी लोकरीच्या टोपीत पिल्लं ठेवली आणि शाईच्या ड्रॉपरने दूध पाजलं. दर दोन तासांनी. पिल्लांची नावं ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. मी म्हटलं होतं, जगायची नाहीत. ऑर्डिनरी दुसऱ्या दिवशी गेली. अर्जंटचे डोळे उघडले, अंगावर पट्टे आले, आणि मग तिला मांजराने नेलं. त्याच मांजराने लायटनिंगची अर्धी शेपटी नेली. लायटनिंग उरली.

तशी खार उभ्या पुण्यात नसेल. ती जांभळीवर राहायची आणि सकाळ-संध्याकाळ मुमताजबाईंच्या गॅलरीत यायची, गजावर बसून चिक्‌चिक् करायची. त्या म्हणत, बोला. मग ती बोलायची. तिला तीन मिनिटांचा नियम नव्हता. कच्चे शेंगदाणे तळहातावरून उचलून खायची, आणि दाणा दोन्ही हातांत धरून फिरवायची, बाजारात बाई वांगं बघते तसा. मला खारीचं कौतुक नाही. माझ्या वाळवणातल्या निम्म्या शेंगा तिने नेल्या. पण दाणा निवडायची अक्कल तिला होती, हे मी कबूल करते.

पुढे दोन वर्षांनी कस्तूर आला.

उन्हाळा सरत आला होता. पहाटे फटफटताना कोणीतरी शीळ घातली. मला वाटलं वॉचमन. रिकामा माणूस रस्त्याने जाताना घालतो तशी शीळ, कुठे सुरू झाली कळत नाही, मध्येच सूर घसरतो, परत सावरतो, आणि संपता संपता दुसरंच काही सुरू होतं. पण गोड. ते नाही म्हणून चालणार नाही. जोशी पायजम्यावर खाली धावले. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर काळानिळा पक्षी बसला होता, खांद्यावर चकचकीत निळा पट्टा, जणू नवीन इरकलीचा काठ. शीळकरी कस्तूर. सिंहगडाकडच्या ओढ्यांत असतो, शहरात यायचं त्याला काही कारण नाही, असं जोशी दिवसभर ज्याला त्याला सांगत होते. त्यांचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

दोन दिवसांनी लांब लांब भिंगं घेऊन माणसं येऊ लागली. सगळ्यांचे कपडे पानांच्या रंगाचे, पक्ष्याला दिसू नये म्हणून. आमच्या इमारतीला फिका गुलाबी रंग. त्यामुळे सबंध आवारात दिसत होती ती तेवढीच माणसं.

जोशींना फोटोत रस नव्हता. त्यांना गाणं हवं होतं. शहराच्या मधोमध कस्तुराचं एक मिनिटाचं सलग गाणं, त्यात दुसरा आवाज नको. त्यासाठी त्यांनी आवाज टिपायचं छोटं यंत्र घेतलं आणि रोज पहाटे झाडाखालच्या कट्ट्यावर येऊन बसू लागले. कस्तूर गायला लागला की यंत्र सुरू. आणि कस्तूर गायला लागला की लायटनिंगही सुरू. तिला तो पक्षी मुळीच पसंत नव्हता. फांदीवर उलटी लटकून, अर्धी शेपटी झटकत चिक्‌चिक्‌चिक्, त्याचं होईपर्यंत हिचं चालू. जोशींनी मला एकदा ते ऐकवलं. नऊ सेकंद गंधर्व आणि मग कोणीतरी लोखंडी कढई खरवडतंय.

तीन उन्हाळे हे चाललं.

त्यात गंमत अशी की कस्तूर नेमका कुठे बसलाय हे जोशींना मुमताजबाईंशिवाय कोणी सांगू शकत नसे. त्यांचा कान तीस वर्षांचा तयार. गॅलरीत डोळे मिटून उभ्या राहत आणि वरून सांगत, डावीकडे, टाकीच्या मागे, आता तोंड फिरवलंय. जोशी डावीकडे पळत. मग त्या वरून म्हणत, जोडून दिलं, बोला. आणि मग दोघांचं कट्ट्यावर भांडण, रोजचं, चहासारखं.

जोशी म्हणायचे, खार कुठेही दिसते, तिच्यात काय आहे? त्या म्हणायच्या, पोळीसुद्धा कुठेही दिसते. जोशी म्हणायचे, कस्तुराचा गळा पाहा. त्या म्हणायच्या, गळा पाहिला, आता त्याने लावलेलं एक झाड दाखवा. खार दाणे पुरते आणि विसरते, त्यातून झाडं उगवतात. कस्तूर गातो आणि विसरतो, त्यातून काय उगवतं? जोशी म्हणायचे, खारी अंडी खातात. यावर त्या म्हणाल्या, तुमचा कस्तूर इथे घरटं करत नाही, इथे फक्त गातो. संसार सिंहगडाला आणि मैफल कर्वेनगरला. एकदा तर त्यांनी शांतपणे विचारलं, रामाने सेतू बांधताना पाठीवरून हात फिरवला तो कोणाच्या, कस्तुराच्या? जोशींच्या घरी दरवर्षी रामनवमी असते. ते यंत्र उचलून घरी गेले.

मी त्यांना एकदा मेथी निवडताना विचारलं, अहो, त्या पाखरावर तुमचा एवढा राग का? चांगलं गातं की.

"माझा नवरा कस्तूर होता," त्या म्हणाल्या.

रशीदमियाँ क्लॅरिनेट वाजवायचे, एका ऑर्केस्ट्रात. वर्षाचे दहा महिने दौऱ्यावर. घरी आले की पहिल्या रात्रीच जिन्यात माणसं बसायची ऐकायला, शेजारच्या बायका म्हणायच्या, मुमताज, नशीबवान आहेस. पोरगी तापाने फणफणली तेव्हा ते नागपुरात वाजवत होते. त्या स्वतःच एक्स्चेंजमध्ये बसून त्यांना लायटनिंग लावत होत्या, आणि तिकडे नाट्यगृहातला माणूस म्हणत होता, साहेब स्टेजवर आहेत, टाळ्या संपल्या की देतो. टाळ्या संपल्या नाहीत. मुलगी बरी झाली, तिला शेजारच्या बोहरीणबाईंनी दवाखान्यात नेलं.

"वाजवायचे फार छान," मुमताजबाई म्हणाल्या. "तेच तर." आणि मेथीच्या काड्या माझ्या ताटात टाकल्या.

मागच्या वर्षी प्रकरण पेटलं. खारींनी इंटरनेटची वायर कुरतडली. आमच्याकडे चार-पाच घरांत आयटीतली मुलं भाड्याने राहतात, घरूनच काम करतात, ती मालकांच्या मागे लागली. जोशींना हेच हवं होतं. सर्वसाधारण सभेची नोटीस लागली, त्यात विषय क्रमांक पाच: आवारातील खारींचा बंदोबस्त. पिंजरे लावायचे, खारी धरायच्या आणि खडकवासल्याला धरणाच्या कडेला नेऊन सोडायच्या. जोशी म्हणाले, अगदी प्रेमाने सोडू.

मुमताजबाईंनी नोटीस दोनदा वाचली. मग माझ्या घरी येऊन बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. तीन मिनिटं गेली तरी नाहीत. तेव्हा मला कळलं की हे साधं नाही.

"धरणावर सोडणार म्हणे," शेवटी म्हणाल्या. "तिथे तिची ओळख कोणाशी आहे?"

अर्ध्या शेपटीची खार, माणसाच्या हातावर वाढलेली. तिथली मांजरं, घारी, कुत्री. मला खारीचं कौतुक नाही, पण ती तिथे दोन दिवस टिकली नसती, हे मलाही कळत होतं.

आता सभेबद्दल थोडं सांगायला हवं. सोसायटीची सभा भरायला ठरावीक डोकी लागतात. आमच्याकडे वीस. दिलेल्या वेळेला वीस जमली नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने जितके असतील तितक्यांत भरते. हे नोटिशीतच छापलेलं असतं. त्यामुळे पुण्यात दहाची सभा म्हणजे साडेदहा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दहाला फक्त करमरकर येतात. दरवर्षी इस्त्रीचा सदरा घालून, टेबलामागे एकटेच बसतात, घड्याळ बघतात, रिकाम्या खुर्च्यांना सांगतात की गणपूर्तीअभावी सभा तहकूब, आणि पेपर उघडतात. सोळा वर्षं.

मुमताजबाईंनी जिन्यातल्या फलकावरची सभासदांची यादी वाचली. नावं नीट वाचली, जी आम्ही कोणी कधी वाचली नव्हती. निम्मे फ्लॅट बायकांच्या नावावर. घर घेताना बायकोच्या नावावर कर्ज स्वस्त मिळतं म्हणून नवऱ्यांनी बायकांची नावं घातली होती आणि विसरून गेले होते, खार दाणा पुरून विसरते तसे. सभेला जायचे मात्र नवरे.

शनिवारी दुपारी त्या फोन घेऊन बसल्या. मी समोर होते. प्रत्येक घरी तोच आवाज, तोच ठेका: नमस्कार, तांबोळी बोलते, फ्लॅट आपल्या नावावर आहे, उद्या बरोबर दहाला आपण खाली यायचं आहे, यजमानांना उठवायची गरज नाही. तीन मिनिटांच्या आत फोन बंद. कोणी विचारलंच नाही की का. तो आवाज ऐकला की माणूस हो म्हणतो, तीस वर्षं अख्खा महाराष्ट्र म्हणत होता.

रविवारी दहाला पाच कमी असताना मी खाली गेले, तर बायका येत होत्या. कोणी मॅक्सीवर ओढणी टाकून, कोणाच्या हाताला कणीक, एकीच्या डोक्याला मेंदी लावलेली आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. करमरकरांना वाटलं खाली साड्यांचा सेल लागलाय. मी डोकी मोजली. बावीस.

करमरकर उभे राहिले. सदरा खाली ओढून नीट केला. सोळा वर्षांत जे वाक्य त्यांना म्हणायला मिळालं नव्हतं ते त्यांनी हळूहळू, एकेक शब्द चावून म्हटलं: "गणपूर्ती झालेली आहे. सभेस सुरुवात करू या." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मेंदीवाली का वाजवतेय हे तिला माहीत नव्हतं, पण तिनेही वाजवल्या.

सेक्रेटरी हजर नाहीत, मग इतिवृत्त कोण लिहिणार? मुमताजबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, अवो मी चौथी पास, मला काय जमतंय. त्या म्हणाल्या, चार ओळींना चौथी पुरते. पाचवा विषय आधी घेतला. त्या उठून एवढंच बोलल्या की वायर लोखंडी नळीतून न्यावी, म्हणजे कोणाचं काम अडणार नाही आणि कोणाचं घर मोडणार नाही. हात वर. बावीसच्या बावीस. मी वहीत लिहिलं: खारी आहेत तिथे राहतील. पिंजरा आणू नये. वायरीला नळी घालावी. करमरकरांनी खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली, दहा वाजून चार मिनिटं.

"एक मिनिट जास्त झालं," मुमताजबाई माझ्या कानात म्हणाल्या.

दहा अठ्ठावीसला जोशी आले. बगलेत लॅपटॉप, हातात पडदा, मागे पाच नवरे, सगळे खारींवर बोलायच्या तयारीत. बायका उठून घरी निघाल्या होत्या, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या, आणि करमरकर पेपरऐवजी वही वाचत बसले होते, चेहऱ्यावर दिवाळी.

"झाली सभा," करमरकर म्हणाले.

"अशी कशी झाली? सभा साडेदहाला असते."

"नोटीस आपणच काढलीत, जोशी. दहा लिहिलंय."

"लिहिलंय दहा," जोशी म्हणाले. "असते साडेदहाला."

नवऱ्यांनी आवाज चढवला. करमरकरांनी चष्मा पुसला आणि यादी उघडून एकेकाला विचारलं, आपण सभासद आहात का? पाचांपैकी चार नव्हते. मी आयुष्यात एवढी हसले नाही. माझी कवळी नवीन होती, मला तोंडावर पदर धरून बाहेर जावं लागलं.

जोशी पंधरा दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग एका पहाटे त्यांनी खालून वर बघून विचारलं, मॅडम, कुठे बसलाय? त्या म्हणाल्या, टाकीच्या उजव्या कोपऱ्यावर, जोडून दिलं. पण जाता जाता जोशी म्हणाले की ठराव काय, दर सभेला नवा करता येतो. पुढच्या सभेला मी नऊला येऊन बसणार.

आणि ती पुढची सभा यायच्या आत मुमताजबाई न्हाणीघरात घसरल्या. गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण तीन मजले त्यांच्या नशिबातून गेले. मुलगी नाशिकला असते, ती म्हणाली, आता पुरे, अम्मी, चल माझ्याकडे. त्यांनी वाद घातला, त्यातही वेळ संपली म्हणाल्या, पण मुलगी त्यांचीच, तिने वाढवून घेतली.

मी म्हटलं, खारींना दाणे मी घालीन.

"तुम्ही घालाल. आणि दुपारी झोपाल. जोशी तेव्हा पिंजरा लावतील." मग म्हणाल्या, "या सोसायटीत त्या झाडाखाली रोज न चुकता बसणारा माणूस एकच आहे."

मला वाटलं गुडघ्याबरोबर डोकंही गेलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या काठी टेकत, खाली ठेवलेल्या खुर्चीवरून उठून, कट्ट्यावर जोशींच्या शेजारी जाऊन बसल्या. मुलीने त्यांना तळमजल्यावर माझ्या धाकट्या मुलाच्या रिकाम्या खोलीत आणलं होतं, जायच्या दिवसापर्यंत. उन्हाळा सरत आला होता, कस्तूर येऊन आठवडा झाला होता. त्या जोशींना म्हणाल्या, खार चिक्‌चिक् करते ती तोंड रिकामं असतं म्हणून. तिच्या तोंडात दाणा असेल तर ती गप्प बसते. तुम्हाला तुमचं एक मिनिट हवंय ना?

जोशींनी संशयाने पाहिलं. पण मुद्दा शास्त्रीय होता, त्यांना नाकारता येईना.

मग आठ दिवस शिकवणी. हात असा सपाट. अंगठा आत. बघू नका तिच्याकडे, दुसरीकडे बघा, बघणाऱ्याचा तिला राग येतो. भाजलेले नाहीत हो, कच्चे, तिला काय चकणा घालताय? जोशी घाम पुसत. पहिले चार दिवस लायटनिंगने त्यांच्या बोटाकडे ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी तिने दाणा उचलला आणि पळाली. जोशींनी हात तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, नखं गार असतात हो तिची. मग लगेच गंभीर झाले.

जायचा दिवस उजाडला. गाडी फाटकाशी लागली, सामान चढलं. मुमताजबाईंना मुलीने मागच्या सीटवर बसवलं, पाय लांब करून. करमरकर आले होते, मेंदीवाली आली होती. कोणी रडायच्या आत त्यांनी सगळ्यांची वेळ संपवली. मला म्हणाल्या, शेवंताबाई, शेंगा झाकून ठेवत जा. बस, एवढंच. मीही म्हटलं, जा आता.

जोशी आले नव्हते. ते कट्ट्यावर होते, हात पुढे करून, तळहातावर दाणे. यंत्र शेजारी, हातभर अंतरावर. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेवढ्यात लायटनिंग खोडावरून उतरली, कट्ट्यावर आली, आणि आज पळाली नाही. जोशींच्या तळहातावर चढून बसली. दोन्ही हातांत दाणा धरला, फिरवला, पसंत पडला, खायला लागली.

आणि टाकीच्या कठड्यावर कस्तूर सुरू झाला.

तसा तो कधी गायला नव्हता. आवारात दुसरा आवाज नाही. चिक् नाही, स्कूटर नाही, वॉचमनचा रेडिओ नाही. ड्रायव्हरनेही गाडी बंद केली, का कोण जाणे. शीळ वर गेली, घसरली, सावरली, पुन्हा गेली. खार खात होती, म्हणून गप्प होती. जोशींनी तीन वर्षं मागितलेलं मिनिट आलं होतं. यंत्र त्यांच्या डाव्या हाताला होतं, नुसतं बोट लावायचं. मी पाहत होते. त्यांचं डावं बोट उठलं. लायटनिंगने खाणं थांबवलं आणि मान वळवली.

बोट तिथेच राहिलं. मग हळूच खाली गेलं, मांडीवर. लायटनिंगने दुसरा दाणा उचलला.

कस्तूर गात राहिला, जोशी मान वर करून ऐकत राहिले, आणि हात त्यांनी हलवला नाही.

गाडीच्या खिडकीतून मुमताजबाई बघत होत्या. वर टाकीकडे त्यांनी पाहिलं नाही. खारीकडेही नाही. त्या जोशींकडे बघत होत्या, आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते, हसू आवरत नव्हतं, पण आवाज करायची सोय नव्हती. मुलीने काळजीने विचारलं काहीतरी. त्यांनी तोंडावर हात दाबला, दुसऱ्या हाताने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली, आणि गाडी हळूहळू उतारावरून, इंजिन बंद ठेवून, फाटकाबाहेर गेली.